सौंदर्यवर्धक अंतःक्षेपण
चेहऱ्याच्या त्वचेचा कोरडेपणा, बारीक सुरकुत्या व व्रणांचे खळगे कमी करण्यासाठी सुईने त्वचेत द्रव्य टोचण्याच्या उपचारास ही संज्ञा लावतात. लेपातील द्रव्य बहुतांशी बाह्यत्वचेवरच अडते. सुई हा अडसर ओलांडून अंतस्त्वचेत पोहोचते. गुण व धोका ही दोन्ही त्यातूनच उद्भवतात.

प्रमुख द्रव्य हायल्युरॉनिक अम्ल हे होय. कार्ल मायर व जॉन पामर यांनी १९३४ मध्ये ते गुरांच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून वेगळे केले. ते पाणी धरून ठेवते. वयोमानानुसार त्वचेतील त्याचे प्रमाण घटते. टोचलेल्या अम्लाचे शरीरातील एंझाइमांमुळे काही महिन्यांत विघटन होत असल्याने परिणाम तात्पुरताच असतो. ते रोहिणीत शिरल्यास त्वचेचा भाग मृत होतो, क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी हायल्युरोनिडेज हे एंझाइम तातडीने टोचावे लागते.

दुसऱ्या प्रकारात व्यक्तीचेच रक्त अपकेंद्रित्रात फिरवून मिळालेला बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव वापरतात. रक्त स्वतःचे असले, तरी उपकरणे निर्जंतुक नसल्यास ते निर्धोक ठरत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात विनापरवाना चालणाऱ्या सौंदर्यगृहातील अशा उपचारामुळे एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचे २०१८ पासूनच्या तपासात आढळले.

महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमानुसार नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. मुंबईतील रुग्णालय असो वा टिटवाळ्यासारख्या उपनगरातील सौंदर्यगृह, दारावरील पाटीने त्यात फरक पडत नाही. गर्भारपणात, तसेच त्या जागी जंतुसंसर्ग असताना हा उपचार टाळतात.