डिस्प्ले मंद झाला म्हणून रिसीव्हर भंगारात?

आवाज एकदम ठणठणीत, पण डिस्प्लेवरचे आकडे वाचायचे तर खोलीतला दिवा घालवावा लागतो. जुन्या ऑडिओ रिसीव्हरची ही तक्रार नेहमीची. पण मित्रांनो, लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका! स्क्रू खोलायच्या आधी नीट बघा. डिस्प्ले कुठे आणि कसा मंद झालाय, यावरूनच अर्धं निदान होतं.

हा निळसर-हिरवा डिस्प्ले म्हणजे व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले, थोडक्यात व्हीएफडी. १९६० च्या दशकात तो जपानमध्ये तयार झाला. खरं तर ही एक चपटी व्हॅक्यूम ट्यूबच. समोरच्या बाजूला केसासारख्या बारीक टंगस्टनच्या तारा असतात, तेच फिलामेंट. त्यांच्यावर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा थर असतो. तार तापली की इलेक्ट्रॉन सुटतात, ग्रिडमधून जातात आणि ॲनोडवरच्या फॉस्फरवर आदळतात. तिथे उजेड पडतो. त्यासाठी फिलामेंटला काही व्होल्ट एसी आणि ग्रिड-ॲनोडला साधारण ३० व्होल्ट डीसी लागतात.

आता निदान बघू.

१) आधी रिमोटवरचं ‘डिमर’ बटण दाबा. हसू नका, कधीकधी तेवढंच असतं.

२) व्हॉल्यूम फिरवा, इनपुट बदला. क्वचित पेटणारी अक्षरं लख्ख आणि रोजची मंद दिसली, तर सप्लाय ठीक आहे, फॉस्फर झिजलाय. यावर इलाज एकच, दुसरा डिस्प्ले. तो त्याच मॉडेलच्या बंद पडलेल्या सेटमधून मिळू शकतो.

३) सगळंच सारखं मंद असेल तर सप्लायवर संशय घ्या. दोन्ही व्होल्टेज सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा. कमी भरली तर बऱ्याचदा सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निघतो, आणि तो काही रुपयांत येतो. व्होल्टेज बरोबर असूनही मंद, तर ट्यूबच म्हातारी झाली.

काही जण फिलामेंटचं व्होल्टेज वाढवून उजेड आणतात. मला हे पटत नाही. त्याने ऑक्साइडचा थर लवकर संपतो.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा. प्लग काढला तरी मोठे फिल्टर कपॅसिटर चार्ज धरून असतात. आधी मल्टिमीटरने तपासा, मगच हात घाला. चालू सेटवरचं मोजमाप लॅबमध्ये, सरांच्या देखरेखीखालीच करा.

आणि डिस्प्ले नाहीच सुधारला तरी काय बिघडलं? गाणी कानांनीच ऐकायची असतात ना!