पाकीट हातचं, पत्र हक्काचं!

हातात मोबाईल असताना पत्र कोण लिहितं, असं तुम्ही विचाराल. उत्तर सोपं आहे. ज्याला वाट पाहायला आवडतं, तो लिहितो! माझी पत्रमैत्रीण अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकते. अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. रूममेट्स हसतात, "जाऊनच भेट ना, पत्र काहून लिवतं बाप्पा?" पण भेटीत जे बोलायचं राहून जातं ते पत्रात बरोबर उतरतं, हा आमचा दोघींचा अनुभव आहे.

या पत्रांसाठी पाकिटं आम्ही हातानेच करतो. (मी कॉन्व्हेंटची, म्हणून 'एन्व्हलप' आधी शिकले आणि 'पाकीट' नंतर. आजी तर अजून 'लिफाफा'च म्हणते!) हौस म्हणून सुरू झालेल्या या उद्योगात चक्क इंजिनिअरिंग आहे, म्हणून हा लेख.

पाकिटाचं काम काय?

साध्या पत्राला ट्रॅकिंग नंबर नसतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. म्हणजे पाच रुपयांचं तिकीट लावून लाल पेटीत टाकलेलं पत्र कुठे पोचलं, हे विचारायची सोय नाही. पुढच्या प्रवासात त्याच्यासाठी बोलणारं एकच, ते म्हणजे पाकीट. ते फाटलं, ओलं झालं, पत्ता वाचता आला नाही, की आतला मजकूर कितीही सुंदर असो, संपलं!

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. तेव्हापासून त्यांचा टपाल व्यवहार या छोट्या खेड्यातून चालायचा. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वेलाईनवर, शेगाव आहे ना! 'स' आणि 'श' यांचा घोळ झाला आणि सेगावची पत्रं शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून 'सेवाग्राम' ठेवलं. पत्रं नीट पोचावीत म्हणून गावाचं नाव बदललं, विचार करा!

आज हा घोळ होणार नाही, कारण पिन कोड. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्यामागे होते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. सहा आकड्यांतले पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन पत्र वाटणारं ऑफिस. शेगाव ४४४२०३ आणि सेवाग्राम ४४२१०२. तिसऱ्या आकड्यालाच दोन्ही वाटा वेगळ्या! आणि अमरावती ४४४६०१, अकोला ४४४००१. म्हणजे पोस्टाच्या हिशोबात आपण दोघेही '४४४'वाले, एकाच घरचे!

एका ए-फोर कागदाचं पाकीट

फर्स्ट इयरला ई.डी.मध्ये 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस' काढताना सगळ्यांनाच प्रश्न पडतो, हे कुठे वापरायचं? इथे वापरायचं! पाकीट म्हणजे सपाट कागदावर उलगडलेली वस्तू.

ए-फोर कागद दोनदा अर्धा दुमडला की १०५ × १४८ मिमी होतो. त्याला सैल बसेल असं पाकीट ११४ × १६२ मिमीचं. चौरस कागदावर हे पाकीट तिरपं बसवायचं असेल, तर चौरसाची बाजू काढायचं सूत्र असं : लांबी अधिक रुंदी, भागिले १.४१४, आणि चिकटवायला १५ मिमी. हिशोब करा, २१० मिमी येतं. ए-फोरची रुंदी बरोबर २१०! म्हणजे कागदाची एक पट्टी कापली की काम झालं.

१. कागदातून २१० मिमीचा चौरस कापा. कर्ण मोजा, २९७ मिमी आला तर चौरस बरोबर. उरलेली ८७ मिमीची पट्टी फेकू नका.
२. दोन्ही कर्ण पेन्सिलने हलके काढा. मध्यभागी ११४ × १६२ चा आयत असा काढा की त्याची लांब बाजू एका कर्णाला समांतर राहील.
३. आयताच्या चारही रेषांवर पट्टी ठेवून संपलेल्या रिफिलने दाब द्या. घडी धारदार येते.
४. आयताच्या प्रत्येक कोपऱ्याबाहेर थोडा जास्तीचा कागद राहतो, तिथे छोटा त्रिकोण कापून टाका.
५. आधी डावा-उजवा त्रिकोण आत घ्या, मग खालचा वर आणा. डिंक फक्त कडेच्या पट्टीला लावा. मध्ये लागला तर पत्र आत चिकटून बसेल!
६. वरचा त्रिकोण पत्र घातल्यावर बंद करा.

तपासून परत मिळालेल्या ड्रॉईंग शीटचं पाकीट फारच मजबूत होतं. आतल्या बाजूला आपलेच आयसोमेट्रिक व्ह्यू दिसतात, तेवढंच डेकोरेशन! मात्र वजन सांभाळा.

वजनाचं गणित

पहिल्या २० ग्रॅमला पाच रुपये आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी पाच. जी.एस.एम. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर हा चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणून ८० जी.एस.एम.चा एक कागद ५ ग्रॅमचा. त्याच कागदाचं आपलं पाकीट साडेतीन ग्रॅमचं. तीन पानं घातली की साडेअठरा. पाच रुपयांत बसलं! चौथं पान घातलं की दहा रुपये. शीट १५० जी.एस.एम.ची असेल तर पाकीटच साडेसहा ग्रॅमचं, मग तीन पानांतच २० ग्रॅम ओलांडतात. तिकीट कमी पडलं तर पत्र 'नॉटपेड' होतं आणि पैसे घेणाऱ्याला द्यावे लागतात. मैत्रिणीला दिलेली ही काय भेट?

पत्ता आणि बाकी पथ्यं

गडद किंवा नक्षीच्या कागदावर पत्ता दिसत नाही. ती ८७ मिमीची उरलेली पट्टी इथे लेबल म्हणून चिकटवा. पत्ता उजवीकडे, तिकीट वर उजव्या कोपऱ्यात आणि स्वतःचा पत्ता मागच्या बाजूला. हा मागचा पत्ता विसरू नका. ज्या पत्राचा घेणारा सापडत नाही आणि पाठवणाराही बाहेरून कळत नाही, ते रिटर्न्ड लेटर ऑफिसात उघडलं जातं. आपलं गुपित तिथे कशाला?

पत्ता बॉलपेनने लिहा, जेलची शाई पावसात पसरते. स्टेपलर पिन नको, पत्रं हाताळणाऱ्यांच्या बोटात घुसते. चकमकी, मणी, जाड फुलं हेही नको. आणि हॉस्टेलकरांनो, दरवर्षी रूम बदलते, तेव्हा नवा रूम नंबर पत्रमित्राला आधी कळवा! नाहीतर ऑफिसच्या खिडकीत पत्र पडून राहतं आणि तिकडे मित्र रुसतो.

पुन्हा तेच पाकीट

गांधीजी आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, वाया काही घालवत नसत. आम्ही दोघी त्यातलंच थोडं करतो. फेव्हिकॉलऐवजी मैद्याची पातळ खळ वापरतो. पाकीट आलं की सांध्यावर ओलं बोट फिरवायचं, हळूच उघडायचं, वाळवायचं आणि आतली बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवायचं. अमरावतीहून गेलेलं पाकीट नव्या तिकिटासह अकोल्याहून परत येतं. आतल्या बाजूला माझंच अक्षर, माझ्याच गावचा शिक्का. कोऱ्या पाकिटात ही मजा नाही!

३० डिसेंबर २०२५ रोजी डेन्मार्कच्या सरकारी टपाल सेवेने पत्रवाटप बंद केलं. ती १६२४ पासून चालू होती. लोकांनी पत्रं लिहिणं सोडलं, मग वाटायचं काय? आपल्याकडे लाल पेटी अजून आहे, पोस्टमनकाका अजून येतात. टपाल खात्याची 'ढाई आखर' पत्रलेखन स्पर्धाही २०१७ पासून सुरू झाली आहे. पण पेटीत टाकायला पत्र तर हवं!

सबमिशन संपलं की जुनी शीट रद्दीत घालू नका. पट्टी, कात्री आणि वीस मिनिटं, एवढंच लागतं. कुणीतरी कुठेतरी तुमच्या अक्षराची वाट पाहत असेल. मग, पहिलं पाकीट कुणाच्या नावे करताय?