कपाटातला कागद दवाखान्यात वेळेवर पोहोचावा म्हणून

लेखमाला : आपल्या शेवटाचा निर्णय आपला – भाग ५

वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच ‘लिव्हिंग विल’ (बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच सांगून ठेवणारा कागद), कसं लिहायचं ते गेल्या आठवड्यात पाहिलं. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, नोटरीचा शिक्का बसला. आता कागद ठेवायचा कुठे? बहुतेक घरांत तो सातबारा, एलआयसीची पॉलिसी आणि मृत्युपत्र यांच्यासोबत कपाटात कुलूपबंद होतो. गफलत इथेच होते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हा कागद मात्र माणूस जिवंत आहे, पण स्वतःचं म्हणणं सांगू शकत नाही, अशा वेळी लागतो. म्हणून दोन्ही कागद एका पाकिटात ठेवू नका.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात असं इच्छापत्र करण्याचा हक्क मान्य केला. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली आणि प्रती कुणाकडे द्यायच्या हेही स्पष्ट झालं. कागदात नावं घातलेले जवळचे नातेवाईक, घरचे डॉक्टर असतील तर ते, आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेला अभिरक्षक अधिकारी, यांच्याकडे प्रत द्यायची. डिजिटल आरोग्य नोंदीतही ती जोडता येते.

अभिरक्षकाकडे प्रत हवीच, कारण कागद समोर आला तरी तो खरा आहे का, हे डॉक्टरांना आधी पडताळावं लागतं. ती पडताळणी डिजिटल नोंदीवरून किंवा अभिरक्षकाकडच्या प्रतीवरून होते. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने नेमणुका केल्याचं न्यायालयाला सांगितलं. त्याच वर्षी गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी त्या राज्यातलं पहिलं इच्छापत्र नोंदवलं. तुम्ही नांदेड-वाघाळा किंवा लातूर महापालिकेच्या हद्दीत असाल, नाहीतर उदगीर, देगलूरसारख्या नगरपालिकेच्या, तर कार्यालयात जाऊन या कामासाठी कोण नेमलंय ते विचारा. आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी आश्वासनावर परत येऊ नका.

आता आपल्या भागाची खरी अडचण. दुखणं वाढलं की नांदेडचा रुग्ण हैदराबादला हलवतात, लातूरचा सोलापूर किंवा पुण्याला. थोरला पुण्यात नोकरीला, लेक सासरी. रात्री अतिदक्षता विभागाबाहेर उभे असतात ते चुलते, जावई, भाचे. डॉक्टर विचारतात, ‘पुढं काय करायचं?’ आणि कपाटाची किल्ली गावाकडे असते. आदेश देशभर लागू आहे, पण तो अमलात यायला कागद डॉक्टरांच्या हाती पडावा लागतो. त्यानंतरही उपचार लगेच बंद होत नाहीत. रुग्ण बरा होण्याची आशा नाही, यावर आधी तीन डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ आणि मग तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ मत देतं, प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत. न्यायदंडाधिकाऱ्यांनाही कळवावं लागतं. कागद दोन दिवस उशिरा आला, तर हे सगळं तेवढंच लांबतं. दुखणाईत माणसाचे हाल आणि घरावरचा खर्च त्या दिवसांत थांबत नाही.

यावरचा उपाय आपल्याच घरात आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या मोजक्या जिल्ह्यांत आली, त्यांत नांदेड होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तेव्हापासून राशन कार्ड, आधार, जुने केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट एका पिशवीत भरून दवाखान्यात न्यायची सवय घरोघरी लागलीय. इच्छापत्राची एक प्रत त्याच पिशवीत, सगळ्यात वर ठेवा. पहिल्या पानावर ठळक लिहा : मूळ कागद कुठे आहे, कुणाला फोन करायचा, अभिरक्षक कोण.

मग प्रत्येक पान उजेडात स्कॅन करा. सही, शिक्का, तारीख स्पष्ट वाचता आली पाहिजे. पीडीएफ डिजिलॉकरमध्ये आणि नावं घातलेल्या नातेवाइकांच्या फोनमध्ये ठेवा. नुसता व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो ऐनवेळी सापडत नाही. शिवाय हा मजकूर खासगी आहे, भावकीच्या ग्रुपवर टाकायचा नाही.

इच्छापत्र लेखी स्वरूपात केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतं. दोन असतील तर शेवटी सही केलेलं ग्राह्य धरतात. म्हणून कुठली प्रत कुणाकडे दिली याची यादी ठेवा आणि बदल केलात तर जुन्या प्रती परत घ्या.

एवढं केलं तरी एक काम उरतं आणि ते कुठलाही अधिकारी करून देणार नाही. प्रत हातात देताना मुलांना, सुनेला, भावाला समोर बसवून ती वाचून दाखवा. का लिहिलं तेही सांगा. त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या, म्हणजे उद्या पाहुण्यांपुढे त्यांना ठामपणे बोलता येईल आणि ‘आपण आईला सोडून दिलं’ हा सल त्यांच्या मनात राहणार नाही.

पुढच्या भागात : घरातच मतभेद झाले तर काय करायचं?