दवाखान्यातला अनुशेष: रांगेत कोण, रांगेबाहेर कोण?

(मुकुटबन येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, पण ते तत्त्वज्ञानाचं. तेव्हा कार्यक्रम संपल्यावर गुडघ्याची गोळी मला विचारू नका. मग हा माणूस ऑपरेशनांवर काय बोलणार? तर मी ऑपरेशनावर बोलणार नाही, वाट पाहण्यावर बोलणार आहे. महामारीत ज्यांची ऑपरेशनं आणि तपासण्या राहून गेल्या, त्यांचं पुढं काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, हा आजचा विषय.

‘अनुशेष’ हा शब्द विदर्भात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली, तिनं सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष मोजला, आणि तेव्हापासून हा शब्द आपल्या घरचाच झाला. त्यातली एक गोष्ट लक्षात घ्या. आधी मोजणी झाली, भांडण नंतर. जे मोजलं नाही, ते मागता येत नाही.

आता आकडे बघू. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली आणि तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. त्या पहिल्या लाटेच्या बारा आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८० लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील, असा अंदाज शल्यविशारदांच्या एका आंतरराष्ट्रीय गटानं मांडला होता. आपल्या देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांनी मार्च ते मे २०२० ची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी केली. नव्या रुग्णांची नोंद १ लाख १२ हजारांवरून ५१ हजारांवर आली. मोठ्या शस्त्रक्रिया १७ हजारांवरून साडेआठ हजारांवर आल्या. क्षयरोगाचं बघा. २०१९ मध्ये देशात २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. क्षयरोग कमी झाला का हो? नाही. शोधणारी माणसं आणि यंत्रं कोरोनाच्या कामाला लागली. रोग होता तिथेच राहिला, नोंद तेवढी कमी झाली.

म्हणजे दोन रांगा तयार झाल्या. एक कागदावरची: ज्यांना तारीख मिळाली होती आणि ती रद्द झाली. दुसरी कागदावर नसलेली: ज्यांची तपासणीच झाली नाही, म्हणून आपण रांगेत आहोत हेही ज्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्या रांगेचं गणित सोपं आहे. समजा एका दवाखान्यात महिन्याला शंभर ऑपरेशनं होतात, आणि दर महिन्याला नवे शंभर रुग्ण येतात. सहा महिने काम बंद राहिलं, तर सहाशे साचले. पुन्हा पूर्वीसारखंच काम सुरू झालं, शंभरच्या शंभर. लोक म्हणतात, चला, सगळं सुरळीत झालं. पण ते सहाशे तसेच राहतात, कायमचे! महिन्याला एकशे दहा केले तर सहाशे संपायला साठ महिने लागतात, म्हणजे पाच वर्षं. एकशे वीस केले तर अडीच वर्षं. एकशे पन्नास केले तरच वर्षभरात सुटका. ‘पूर्ववत’ होणं पुरत नाही, काही काळ पूर्वीपेक्षा जास्त करावं लागतं.

आणि हे जास्तीचं काम टेबल वाढवून होत नाही. टेबल रिकामं असतं, भूलतज्ज्ञ नसतो. भूलतज्ज्ञ असतो, तर रक्ताचा, ईसीजीचा रिपोर्ट नसतो. साखर वाढलेली असते, ती आटोक्यात आणायला महिना जातो. जुना रिपोर्ट वर्षभरानं चालत नाही, तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून तपासणीची रांग आधी हलवावी लागते, तेव्हा ऑपरेशनची हलते.

सरकारनं काही ठिकाणी हे केलंही. मोतीबिंदूचा अनुशेष काढण्यासाठी २०२२ मध्ये देशभर नेत्रज्योती अभियान सुरू झालं. पहिल्या वर्षाचं लक्ष्य ७५ लाख शस्त्रक्रियांचं होतं, झाल्या ८३ लाखांहून अधिक. क्षयरोगाची नोंदही २०२२ मध्ये पुन्हा २४ लाखांवर गेली, कारण रुग्ण येण्याची वाट न पाहता घरोघरी शोध घेतला गेला. याचं श्रेय दिलंच पाहिजे.

आता माझ्या प्रांतात येतो. रांग मोठी आणि हात कमी असताना आधी कुणाला घ्यायचं? पहिलं उत्तर, जो आधी आला तो. ऐकायला न्याय्य वाटतं. पण ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवलंय की समानांना समान वागवणं हा जसा न्याय, तसं असमानांना समान वागवणं हा अन्याय. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला, तर मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असं २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. साधा हर्निया बहुधा थांबू शकतो, पण आतडं अडकलं तर एक दिवसही थांबू शकत नाही. म्हणून दुसरं उत्तर, ज्याला थांबणं जास्त महाग पडेल तो आधी. तारीख दुय्यम. आणि तिसरं, जे कुणी तोंडानं बोलत नाही पण सगळीकडे चालतं: ज्याची ओळख तो आधी.

इथल्या कास्तकारांना हे वेगळं सांगायला नको. २०२० च्या त्या उन्हाळ्यात कापसाची खरेदी बंद पडली, घरं कापसानं भरली. मग नोंदणी झाली, नंबर लागले, रोज मोजक्याच गाड्या आत. ज्याला थांबवलं नाही, त्यानं व्यापाऱ्याला पडेल भावात दिला. दवाखान्याचंही तसंच झालं. ज्याला थांबवलं नाही, तो कर्ज काढून खासगीत गेला. ज्याला कर्जही मिळालं नाही, तो घरीच राहिला. रांग कमी झालेली दिसली, पण ती उपचारानं कमी झाली नव्हती.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. फेब्रुवारी २०२० मध्ये एका शिबिरात तिचे डोळे तपासले, मोतीबिंदू निघाला, मार्चमधली तारीख मिळाली. टाळेबंदी लागली. ‘फोन करू’ म्हणाले. ती चिठ्ठी तिनं पानाच्या डब्यात ठेवली. फोन आला नाही, आणि मीही, शिकलेला भाऊ, विचारायला गेलो नाही. २०२२ मध्ये ऑपरेशन झालं तोवर मोतीबिंदू पिकून एका डोळ्यात दाब वाढला होता, नस गेली होती. एक डोळा आला, एक गेला. मोतीबिंदूचं आंधळेपण परत फिरतं, नस गेली की फिरत नाही.

यात दोष कुणाचा? तिला दृष्टी मिळू नये, असा निर्णय कुणीच घेतला नव्हता. आणि मला वाटतं, दोष नेमका तिथेच आहे. कुणी निर्णय घेतला असता, तर त्याला जाब विचारता आला असता. वही बदलली, माणसं बदलली, जुनी पानं नव्या वहीत उतरली नाहीत, एवढंच झालं. न केलेल्या कामाला मालक नसतो, म्हणून ते कुणालाच टोचत नाही.

इंग्लंडमध्येही रांग वाढली, ४६ लाखांवरून २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली. पण तिथे हा आकडा दर महिन्याला जाहीर होतो, त्यावरून सरकारला धारेवर धरलं जातं. आपल्या गावात तारीख रद्द झालेले किती, हे ग्रामसभेत कुणी विचारलं का? आशाताईंकडे गरोदर बायांची यादी असते, लसीकरणाची असते. त्याच वहीत ‘ऑपरेशन सांगितलं, झालं नाही’ असं एक पान घालता येईल. दर तीन महिन्यांनी ते वाचून दाखवता येईल. आणि जो कोलामपोडावरून येतच नाही, त्याच्यासाठी तपासणी तिकडे न्यावी लागेल, कारण दुसऱ्या रांगेतली माणसं स्वतःहून कधी पुढे येत नाहीत.

पुढची महामारी केव्हा येईल, मला माहीत नाही. पण दवाखाने बंद करायची वेळ आलीच, तर ज्या दिवशी दार बंद होईल, त्याच दिवशी थांबवलेल्यांची यादी लिहिली गेली पाहिजे आणि तिला एक जबाबदार माणूस नेमला पाहिजे. आज घरी गेलात की एवढं करा. आई-बापाच्या, मावशी-काकूच्या डब्यात, ट्रंकेत अशी एखादी जुनी चिठ्ठी आहे का, विचारा. असेल तर सोमवारी ती घेऊन दवाखान्यात जा. मी गेलो नव्हतो.