कांचेच्या तंतूचे कान

ज्या कांचेच्या तंतूवरून आज घरोघरीं दूरध्वनि व इंटरनेट पोंचतें, तोच तंतु भूमीच्या पोटांतील हालचालहि ऐकतो, असें सांगितलें तर आमच्या वाचकांतील वडील मंडळी हंसतील. परंतु आइसलंड बेटावर हें प्रत्यक्ष घडलें आहे.

हा तंतु जाडीनें मिलिमीटरचा जेमतेम अष्टमांश. त्याच्या एका टोकांतून लेसर-प्रकाशाचा क्षणमात्र झोत सोडतात. कांच कितीहि शुद्ध असली तरी तिच्या घडणींत सूक्ष्म विषमता राहतेच, आणि तीमुळें प्रकाशाचा अत्यल्प अंश वाटेंतून मागें फिरतो. यास प्रकीर्णन म्हणतात. ‘कॄ’ म्हणजे विखुरणें, हा धातु येथें फार समर्पक बसला आहे. कांचेंत प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणून जो अंश सेकंदाच्या दशलक्षांशांत परतला, तो १०० मीटरांवरून आला, हें त्रैराशिक शाळकरी मुलासहि सुटेल. त्या ठिकाणीं तंतु किंचित् ताणला वा थरथरला, तर परतणाऱ्या प्रकाशलहरींत फरक पडतो. एकच तार अशा रीतीनें हजारों भूकंपमापकांचें काम करते.

याखेरीज, प्रकाशाचा आणखी अल्प अंश रंग पालटून येतो. हा चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२८ सालीं कलकत्त्यास शोधलेला परिणाम. त्यावरून तंतूचें उष्णतामान कळतें व बोगद्यांतील आगीचा ठाव लागतो.

आतां आइसलंडकडे वळूं. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीं, तप्त शिलारस भूगर्भांत सरकूं लागल्यामुळें, ग्रिंदाविक हें सुमारें पावणेचार हजार वस्तीचें गांव रिकामें करावें लागलें. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं स्थानिक सहकाऱ्यांसह तेथील सुमारें १०० किलोमीटर लांबीच्या तारेस आपलें यंत्र जोडलें. १८ डिसेंबरला भुई फाटली; १४ जानेवारी २०२४ रोजीं लाव्ह्यानें गांवांतील तीन घरें जाळलीं. पुढें या तारेच्या नोंदींवरून उद्रेकाची सूचना कधीं सुमारें अर्धा तास, कधीं कांहीं तास अगोदर मिळूं शकते, असें दिसून आलें. अर्धा तास म्हणजे म्हातारीं माणसें, पाळण्यांतलें मूल व औषधाची डबी घेऊन बाहेर पडण्याइतका अवधि!

तंतूस लांबीच्या दिशेचा ताणच विशेष कळतो. आडव्या धक्क्यास तो बराचसा बहिरा. रस्त्यावरील मोटारींची घरघरहि तो इमानें टिपतो, ती निवडून काढावी लागते. पण या कामीं नवा चर खणावा लागला नाहीं. तार संदेशवहनासाठीं पूर्वींच पुरलेली होती. यंत्र जोडावयाचें, तें तिच्या एका टोकास.