ॲलिगेटरच्या मुलुखांत नौकेचें रक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेयेस समुद्रांत शिरलेला फ्लोरिडा हा द्वीपकल्प तुम्हीं नकाशांत पाहिलाच असेल. ज्या चक्री वादळांतील वाऱ्याचा वेग ताशीं ११९ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असतो, त्यांस तिकडे हरिकेन म्हणतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्यांचा हंगाम. १९९२ सालीं अँड्र्यू व २०२२ सालीं इयान या वादळांनीं तेथील असंख्य नौका फोडल्या, कित्येक उचलून जमिनीवर नेऊन टाकिल्या. म्हणून पूर्वसूचना मिळतांच सुज्ञ नावाडी उघडें बंदर सोडून आंतल्या अरुंद खाडीचा आश्रय घेतो.

या खाड्यांच्या दोन्ही तीरांस आपल्याकडील तिवरांसारखीं खारफुटीचीं झाडें दाटलेलीं असतात. त्यांच्या कमानदार मुळ्यांत लाटांचा जोर मोडतो व वाराही कांहींसा अडतो. नौका मधोमध ठेवून कोळिष्टकाप्रमाणें चहूंकडे दोर बांधावयाचे. हीं झाडें तेथील कायद्यानें संरक्षित आहेत. सबब साल सोलूं नये म्हणून बुंध्याभोंवतीं रुंद पट्टा गुंडाळितात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो; वेग दुप्पट तर दाब चौपट. यासाठीं शिडें आधींच उतरविलीं पाहिजेत. गुंडाळून बांधलेलें शीडही वारा उकलून काढितो.

नवशिक्यास वाटतें, दोर जितका आखूड व ताठ तितकी नौका सुरक्षित. येथेंच घात होतो. वादळाबरोबर समुद्राचें पाणी फुगून आंत शिरतें; इयानच्या वेळीं फोर्ट मायर्स बीच येथें तें जमिनीवर १० ते १५ फूट चढलें होतें. समजा, आडवा ताणलेला दोर १२ फूट लांब आहे व पाणी ९ फूट चढलें. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणें त्या दोरास १५ फूट व्हावें लागेल. तो तुटेल, किंवा नौकेची कड पाण्याखालीं ओढील. तोच दोर ६० फूट असता, तर अवघी ८ इंच वाढ पुरली असती. (भूमितीचा तास व्यर्थ जातो असें म्हणणाऱ्यांनीं हें ताडून पाहावें.) म्हणून दूरच्या झाडांस तिरके, थोडे सैल, नायलॉनचे दोर बांधितात, आणि कांठावर घासतील तेथें त्यांस रबरी नळीचें वेष्टण घालितात.

परंतु वाऱ्यापासून आडोसा देणारी ही खाडी दुसऱ्याच कोणाचें घर असते. रुंद तोंडाचा ॲलिगेटर गोड्या पाण्यांत रमतो, तरी निमखाऱ्या पाण्यांतही येतो. निमुळत्या तोंडाची मगर खारें पाणी सहज सोसते. हे दोन्ही प्राणी रानांत एकत्र राहतात असा मुलूख पृथ्वीवर एकच, तो दक्षिण फ्लोरिडा. ॲलिगेटर संध्याकाळपासून पहांटेपर्यंत अधिक वावरतो. म्हणून दोर बांधण्याचें काम दिवसाउजेडीं, लहान होडींत बसून करावयाचें, पाण्यांत उतरून नव्हे. माशांचीं आंतडीं पाण्यांत टाकावयाचीं नाहींत. खाऊ घातलेल्या ॲलिगेटरास माणसाचें भय राहत नाहीं, आणि तसें करणें तेथें गुन्हाच आहे.

दोर बांधून झाले कीं माणसांनीं नौका सोडून दूर पक्क्या घरांत जावयाचें. मागें राहिलेल्यास वांचविण्यास भर वादळांत कोणी येऊं शकत नाहीं. परतल्यावरही घाई नको. पुराबरोबर हे प्राणी रस्त्यांत, अंगणांत येऊन बसतात, आणि गढूळ पाण्यांत दिसत नाहींत. दहा पावलांवर अडकलेला दोर सोडविण्यासाठीं गुडघाभर पाण्यांत शिरण्याचा मोह होतो. तेथेंही होडीच आणावी, नाहीं तर पाणी ओसरेपर्यंत थांबावें.