ज्याचे जळते, त्याला सांगणारा हवा

रमजानमध्ये दुपार कलली की अमरावतीच्या इतवारा बाजारात आणि अकोल्याच्या मोहम्मद अली मार्गावर खजूर, टरबूज, केळी आणि गरम भज्यांच्या गाड्या लागतात. मगरिबच्या अजानपर्यंत गर्दी वाढत जाते. शेजारच्या घरातून कोणी फळांचे ताट आणून देते, कोणी इफ्तारला येऊन बसते. वऱ्हाडातल्या वाचकांना हे नवे नाही. पण याच महिन्यात प्रत्येक मोहल्ल्यात काही माणसे दस्तरखानावर थोडी मागे सरकून बसतात. कोणाला बरीच वर्षे मधुमेह आहे, कोणी आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जातो, कोणाला सिकलसेल आहे. त्यांचा रोजा नसतो. 'काय, आज रोजा नाही का?' हा साधा प्रश्न त्यांना सुईसारखा टोचतो.

धर्माने त्यांना केव्हाच मोकळे केले आहे. रोजे फर्ज केल्याची आज्ञा कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे आणि आजारी व प्रवासी यांची सवलतही तिथेच आहे. तात्पुरते आजारपण असेल तर बरे झाल्यावर तेवढे रोजे पुरे करावेत. दुखणे कायमचे असेल तर प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालावे. यालाच फिदिया म्हणतात. डॉक्टर समजावतात, मौलाना समजावतात, घरची मंडळी हात जोडतात. तरीही कित्येक वयस्क माणसे कोणाला न सांगता रोजा धरतात, औषधाची वेळ चुकवतात आणि दुपारी घाम फुटून, हातपाय थरथरून अंथरुणाला खिळतात. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. रमजान त्या दिवसांत आला तर हा हट्ट जिवावर बेतू शकतो.

त्यांना माहिती असते, फक्त ती पटत नाही. 'तुम्हाला काय कळणार?' हे उत्तर त्यांच्या ओठांवर तयार असते. पण त्याच आजाराचा, त्याच वयाचा शेजारी जेव्हा म्हणतो, 'भाऊ, मी पण दोन वर्षे असाच हट्ट केला, मग दवाखान्यात पडलो. आता फिदिया देतो आणि तरावीहला जातो,' तेव्हा तेच म्हणणे आत उतरते. ज्याचे जळते त्याला कळते, असे मराठीत म्हणतात. एका रुग्णाने दुसऱ्याला दिलेल्या आधाराचे सगळे बळ या म्हणीत आहे.

मात्र एक आजार असा आहे की ज्याने ही म्हणच उलटी केली. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा बधिर होतात. चुलीवरचे भांडे उचलताना हात भाजतो आणि दुखत नाही. चपलेतून खिळा पायात शिरतो आणि माणूस तसाच चालत राहतो. ज्याचे जळते त्यालाच कळत नाही. मग ते दुसऱ्या कोणी तरी पाहावे आणि सांगावे लागते. पण ज्या काळात घरचे लोकही दूर पळत होते, त्या काळात हे सांगणार कोण?

त्याचे उत्तर अमरावतीच्या वेशीबाहेर तयार झाले. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे सगळ्यांचे दाजीसाहेब, हे होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. १९४६ मध्ये त्यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या वतीने कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे करायला सुरुवात केली. आज संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ ज्या परिसरात आहे, तो भाग लोक तपोवन याच नावाने ओळखतात. तेव्हा ती गावाने टाकलेल्या माणसांची जागा होती. कुष्ठरोगावर आजचे खात्रीचे औषध तेव्हा नव्हते. घर सुटलेले, लग्न मोडलेले, मशिदीच्या आणि मंदिराच्या पायरीवर भीक मागणारे लोक इथे आले. भिकेऐवजी काम, ही दाजीसाहेबांची वाट होती. शेती, विणकाम, सुतारकाम अशी कामे रुग्णांच्याच हातून उभी राहिली. केंद्र सरकारने १९५९ मध्ये दाजीसाहेबांना पद्मश्री दिली. १९८६ मध्ये ते गेले.

अशा वसाहतीत डॉक्टर दिवसातून काही वेळ भेटतो. बाकीचे सगळे तास रुग्ण आणि रुग्ण यांचेच असतात. ज्याची बोटे शाबूत आहेत तो ज्याची बोटे झडली आहेत त्याची पट्टी बांधतो. ज्याची नजर चांगली आहे तो दुसऱ्याच्या तळव्यावरची लाली, फोड, भेग पाहतो. आलेला नवा माणूस तोंड लपवून कोपऱ्यात बसतो, तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बसायला जुन्या माणसाला संकोच वाटत नाही, कारण तोही एकदा तसाच बसलेला असतो. परतवाड्याजवळ कोठारा इथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. म्हणजे हा आजार आणि त्याची शुश्रूषा अमरावती जिल्ह्याला परकी कधीच नव्हती.

पुढे औषधे आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा महिने किंवा वर्षभर मोफत गोळ्या घेतल्या की आजार बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात तो पसरायचा थांबतो. पण मेलेली नस परत येत नाही. म्हणून बरे झालेल्यांचेही स्वकाळजी गट चालवले जातात. सात-आठ जण एकत्र बसतात, पाय अर्धा तास साध्या पाण्यात भिजवतात, घट्टे हळूच घासतात, ओलावा टिकावा म्हणून तेल लावतात आणि एकमेकांचे तळवे पाहतात. कोणाची चप्पल घासली, कोणाला जखम झाली, कोण गेल्या वेळी आला नाही, हे सगळे तिथे कळते. यात महागडे काही नाही. एक घमेले, थोडे तेल आणि सोबत एवढेच लागते.

अगदी हीच काळजी मधुमेह्यालाही लागते. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना अशीच जाते, जखम कळत नाही आणि पुढे पाय कापण्याची वेळ येते. तपोवनातल्या माणसांनी नाइलाजाने जे शिकून घेतले, ते आज शहरातल्या प्रत्येक गल्लीच्या कामाचे आहे.

कायद्याला मात्र ही माणसे दिसायला फार वेळ लागला. कुष्ठरुग्णांना वेगळे डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्यावरून तलाक किंवा घटस्फोट मागता येत होता. ही तरतूद हिंदू विवाह कायद्यात होती, ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात होती, तशी १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही होती. २०१९ मध्ये संसदेने ती एकाच फटक्यात सगळीकडून काढली. आजाराला टाकण्याच्या बाबतीत सगळे धर्म एका रांगेत उभे होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

रमजानच्या इतिहासातही अशा सोबतीचे एक उदाहरण आहे आणि ते दररोज सहेरीच्या वेळी आठवावे असे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मदिनेत दोन मुअज्जिन होते. हजरत बिलाल (रजि.) रात्र उरलेली असतानाच अजान देत, म्हणजे झोपलेल्यांना जाग यावी. हजरत अब्दुल्ला इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची अजान झाली की मात्र सहेरीचे खाणेपिणे थांबे. हे इब्ने उम्मे मकतूम अंध होते. पहाट फुटली हे त्यांना दिसत नसे. आजूबाजूचे लोक 'सकाळ झाली' असे सांगत, मग ते अजान देत आणि सारे शहर त्यांच्या आवाजावर रोजा सुरू करी. डोळसांनी अंधाला पहाट सांगायची आणि अंधाने ती सगळ्या गावाला सांगायची, असा तो व्यवहार होता. कोणी त्यांच्यावर दया करून एका बाजूला बसवले नाही. त्यांना काम दिले, आणि तेही ज्यावर सगळे विसंबून राहतील असे.

हाच धागा अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला दिसतो. संत गाडगे बाबांना मानणारे शंकरबाबा पापळकर यांनी तिथे अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह चालवले. रेल्वे स्थानकावर, उकिरड्यावर टाकलेली मुले पोलिसांमार्फत तिथे पोहोचली. कोणी अंध, कोणी मूकबधिर, कोणी मतिमंद. शंभरावर मुलांना त्यांनी बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. मोठी झालेली मुले लहानांना सांभाळतात, चालू शकणारा न चालणाऱ्याला हात देतो. वयाच्या अठराव्या वर्षी अशा मुलांनी संस्था सोडावी हा नियम शंकरबाबांना मान्य नाही. दिव्यांग अनाथांनी जायचे कुठे, हा प्रश्न ते सरकारपुढे वर्षानुवर्षे मांडत आले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची एक दृष्टिहीन मानसकन्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली.

तपोवन किंवा वझ्झर रोज उभे राहत नाही. पण छोटी सोबत कुठेही उभी राहते. डायलिसिसच्या खोलीत तेच चार-पाच जण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पाळीला चार-चार तास शेजारी पडून असतात. पाणी किती प्यायचे, तहान कशी मारायची, बस कोणती सोयीची, पहिल्या दिवसाची भीती कशी जाते, हे नव्या माणसाला जुनाच रुग्ण सांगतो. मेळघाटात आणि विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेल आहे. शरीरातले पाणी कमी झाले की त्यात असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. ज्या आईने मुलाचा असा झटका पाहिला आहे, ती दुसऱ्या आईला पाण्याची बाटली मुलाच्या दप्तरात ठेवायला न विसरता सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, कुष्ठरोगातून बरे झालेलेही आहेत. प्रमाणपत्रासाठी कोणत्या खिडकीवर जायचे, हेसुद्धा ज्याने ती रांग लावली आहे तोच नीट सांगतो.

या सोबतीची एक मर्यादा पाळलीच पाहिजे. एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही. इन्सुलिन किती घ्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. रोजा धरायचाच असेल तर रमजानआधी त्यांना विचारावे. रोजात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असे तज्ज्ञ सांगतात. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमांचे मत आहे. सोबत्याचे काम एवढेच की हे सगळे ऐकायला आणि पाळायला बळ द्यावे.

जकात आणि फित्र्याची रक्कम या महिन्यात आजारी माणसांपर्यंत पोहोचते, आणि ती पोहोचलीच पाहिजे. त्यासोबत आणखी एक गोष्ट करता येईल. इफ्तारला मागे सरकून बसलेल्या माणसाला रोजाविषयी विचारू नये. त्याच गल्लीत त्याच्यासारख्याच दुखण्याचा दुसरा कोणी असेल, मग तो सोनवणे असो की शेख, तर दोघांची गाठ घालून द्यावी. पुढचे ते दोघे बघून घेतील.